पाटीला घामोळं

नोव्हेंबर 2024. खानावळीसमोर स्कूटर लावून हेल्मेट काढतोय तोच आतून काकींचा आवाज आला, "या पेंटर, या. तुमच्या पाटीला घामोळं आलंय, ते बघा आधी. जेवण मग."

मी वर पाहिलं. अकरा महिन्यांपूर्वी मीच रंगवलेली, सात फूट बाय अडीच फुटांची पत्र्याची पाटी. पिवळ्या पायावर मरून अक्षरं, उजवीकडून खाली पडलेली काळी सावली: ‘घरगुती खानावळ’. रस्त्यावरून अजून झकास दिसत होती. शिडी लावून जवळ गेलो तेव्हा काकींचं म्हणणं कळलं. खालच्या निम्म्या भागावर मोहरीएवढे फोड, शेकड्यांनी. काही फुटून त्यांतून तांबूस ओघळ आलेले. नखाने एक फोडला, आत ओलसर काळपट गंज. दुसरा फोडला, तेच. वरच्या निम्म्या भागावरून मात्र बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं.

तीन हिवाळ्यांत किनाऱ्यावर चाळीसेक पाट्या रंगवल्या. त्यातल्या बहुतेक बऱ्या राहिल्या, आणि बऱ्या राहिलेल्या पाटीकडे कोण दुसऱ्यांदा बघतं? म्हणून या बिघडलेल्या पाटीचं प्रकरण सविस्तर मांडतोय. गावाचं नाव सांगत नाही. केळशी ते दाभोळ या पट्ट्यात आहे एवढं पुरे. नाव सांगितलं तर खानावळ लगेच ओळखू येईल आणि काकी मला पुढच्या खेपेला दारात उभं करणार नाहीत.

स्कूटर, डबे आणि जंगलजेट्टी

नऊ वर्षं मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम केलं. वाढदिवस, निवडणुका, दहीहंडी. अक्षर हाताने काढायची हौस होती, पण शहरात त्याला गिऱ्हाईक नव्हतं आणि सरावाला भिंतही नव्हती. 2022 च्या दिवाळीनंतर काम सोडलं आणि स्कूटरवर ब्रश, डबे नि ओळंबा बांधून श्रीवर्धनपासून खाली निघालो. बागमांडला ते वेश्वी जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीने, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळहून पुन्हा जंगलजेट्टीने धोपावे, तिथून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. तवसाळहून जयगडला उतरलो की रत्नागिरी हाकेवर. खाडी आली की बोटीची वाट बघायची, आणि त्या अर्ध्या तासात धक्क्यावरच्या जुन्या पाट्या वाचत बसायचं. निम्मं शिक्षण तिथेच झालं.

सरावाला हा पट्टा चांगला, कारण इथे पृष्ठभाग दर गावाला बदलतो. एक दिवस पत्रा, दुसऱ्या दिवशी चिऱ्याची सच्छिद्र भिंत, तिसऱ्या दिवशी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जिथे फळी आत वळत जाते आणि सरळ काढलेलं अक्षर लांबून कलंडलेलं दिसतं. बोटींचं काम खरं तर पावसाळ्यातलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमा तोंडावर आली की सगळ्यांना नाव नि नंबर एकदमच ताजे हवे असतात. ते काम स्थानिक पेंटर करतात आणि त्यांनीच करावं. मी हिवाळ्यातला पाहुणा, मला दुकानं आणि खानावळी.

2023 च्या हिवाळ्यात दुकानांचं काम वाढलं होतं. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने मराठी पाटीचा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला होता, आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालणार नव्हतं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, मुंबईतल्या बातम्या गावात पोचल्या आणि काकींनी आपल्या फ्लेक्सकडे नव्याने पाहिलं. त्यावर इंग्रजी मोठं, मराठी कोपऱ्यात, मध्ये पापलेटचा फोटो. तोही उन्हाने निळा पडलेला. दापोलीच्या फॅब्रिकेटरकडून काळा पत्रा आणि अँगलची चौकट करून आणली, आणि डिसेंबरात मला बोलावणं आलं. मजुरी अर्धी रोख, अर्धी ताटात. हा व्यवहार मला फायद्याचा पडला.

‘रवानावळ’

पाटीच्या आजाराशी याचा संबंध नाही, पण काम कसं झालं ते सांगताना हे वगळलं तर काकी माझ्यावर खोटेपणाचा आरोप करतील.

‘घरगुती खानावळ’ हे दोन शब्द दिसायला सोपे, रंगवायला खट्याळ. घ चं डोकं शिरोरेखेला पूर्ण टेकायला हवं, नाहीतर ध होतो आणि ‘धरगुती’ वाचलं जातं. ळ दोन पोटांचा, त्याची दोन्ही पोटं सारखी केली की तो चष्म्यासारखा दिसतो. उजवं किंचित लहान हवं. खरा घोळ मात्र ख चा. जुन्या वळणाचा ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी. त्यांचे पाय खाली जोडून काढायची पद्धत रूढ झाली ती हा गोंधळ टाळायलाच. मी खाका काढताना पाय जोडले होते. कागदाला टाचणीने भोकं पाडून कोळशाच्या पुडीची पोटली फिरवली, पत्र्यावर ठिपके उमटले, पण नेमके त्या सांध्यावरचे चार ठिपके बाहीने पुसले गेले. ब्रश हातात आला की हात आपल्या सवयीने जातो. माझा हात र काढून थांबला, उचलला, व काढला.

संध्याकाळी मासळीच्या लिलावाहून परतणारी पोरं खाली उभी राहून मोठ्याने वाचायला लागली, "घरगुती रवानावळ!" त्यातला एक म्हणाला, "काकी, जेवायला बोलावताय का रवाना करताय?" दीड इंचाचा सांधा. दुसऱ्या दिवशी जोडला. अजून काही जण त्या खानावळीला रवानावळच म्हणतात.

शिरोरेखेचा मात्र मला अभिमान आहे. अक्षरं आधी, रेघ शेवटी. खडूच्या दोरीने वर-खाली दोन खुणा मारून घ्यायच्या, टेकूची काठी डाव्या हातात धरून तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं आणि एका श्वासात जमेल तेवढं ओढायचं. साडेसहा फूट एका श्वासात होत नाही. तीन ठिकाणी थांबावं लागतं, आणि थांबायचं ते अक्षराच्या काना किंवा दांड्यावर, म्हणजे सांधा त्याच्या जाडीत बुडतो. ब्रश डब्यातून थेट पाटीवर न्यायचा नाही. पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी घोळवून त्याला छिन्नीसारखी धार आणायची, तरच रेघेची कड सरळ येते. ब्रश खारीच्या केसांचा. जुने पेंटर मुंगसाच्या केसांच्या ब्रशाची आठवण काढून हळहळतात, पण 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो धंदा गुन्हा आहे, आणि खारीच्या ब्रशाने माझं काही अडलेलं नाही.

पहिला संशय कोणावर

आता पुन्हा शिडीवर.

काकांचं निदान तयार होतं: रंग भेसळीचा. गावात कुठलीही पाटी बिघडली की हेच म्हणतात, आणि पेंटरला ते सोयीचं असतं. मलाही मोह झाला. पण त्याच डिसेंबरात, त्याच पिवळ्या आणि मरून डब्यांतून मी शेजारच्या बोटवाल्याच्या जाळी ठेवायच्या खोपटावरची सागवानी फळी रंगवली होती. ती जाऊन पाहिली. रंग जरासा मळलेला, बाकी ठणठणीत. लाकूड गंजत नाही, त्यामुळे ही तुलना पूर्ण नाही. पण डब्यातल्या रंगाची सुटका करायला पुरेशी होती.

दुसरा संशय दंवावर. इनॅमल, म्हणजे पाटीचा तेलरंग, हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं. वरून हाताला लागेनासं व्हायला दोन-चार तास, आतून कडक व्हायला रात्र. त्या रात्री दंव पडलं तर चमक मरते, रंग पिठूळ दिसतो. तसं झालं असतं तर पूर्ण पाटीवर झालं असतं, आणि इथे तर वरचा भाग आरशासारखा. सुटला.

तिसरा संशय पत्र्यावर. फॅब्रिकेटरने गंजका पत्रा दिला? पण मीच तो पॉलिश पेपरने घासून पांढरा केला होता. तेही सोडलं.

मग मी खाली उतरून, चहा घेत, नुसता बघत बसलो. अर्ध्या तासाने एक गोष्ट दिसली जी शिडीवरून दिसली नव्हती. फोड नुसते खालच्या भागात नव्हते, ते पट्ट्यापट्ट्याने होते. वरून खाली जिभा लोंबाव्यात तशा सहा-सात पट्ट्या, खाली येतायेता रुंद होत गेलेल्या, आणि तळाच्या कडेला एक सलग जाड पट्टा. असा आकार पाणी ओघळून सुकल्याशिवाय येत नाही. पण पाऊस तर रंगाच्या वरून ओघळतो. हे पाणी रंगाच्या खाली ओघळलेलं होतं.

फोनमधले जुने फोटो काढले. डिसेंबर 2023, संध्याकाळ. पत्रा घासून, धुऊन, पायरीला टेकवून ठेवलेला, मागे समुद्र. धुतलेल्या पाण्याचे ओघळ उन्हात चमकताहेत म्हणून मी तो फोटो हौसेने काढला होता. ओघळ मोजले. सात. तिसरा आणि चौथा खाली जाऊन एकत्र झालेले. पाटीवर ‘खा’च्या खाली दोन पट्ट्या तशाच एकत्र झाल्या होत्या.

मचूळ पाणी

पत्रा मी विहिरीच्या पाण्याने धुतला होता. खानावळीच्या मागे, वाळूच्या पट्ट्याला लागून एक विहीर आहे. भांडी तिच्यावर घासतात. प्यायचं पाणी नळाचं. पहिल्याच दिवशी काकींनी बजावलं होतं, "ते पाणी मचूळ आहे हां पेंटर, चहाला घेऊ नका." मी चहाला घेतलं नाही. पत्र्याला घेतलं.

किनाऱ्यावर पत्रा धुवायचा हे मला माहीत होतं. नुसतं घासून मीठ जात नाही, ते खरवड्यांत दडून बसतं, गोड्या पाण्यानेच निघतं. मी नियम पाळला आणि नियमातला ‘गोड्या’ हा शब्द विसरलो. बादलीभर मचूळ पाणी ओतून आधी नसलेलं मीठ मीच पत्र्याला लावलं. ओघळ जिथून गेले तिथे थोडं, जिथे साचून सुकले त्या तळाच्या कडेला जास्त. त्यावर रेड ऑक्साईडचा प्रायमर, म्हणजे गंज अडवणारा पहिला हात, त्यावर पिवळा, त्यावर अक्षरं.

पुढचं काम पावसाने केलं. रंगाचा थर आपल्याला वाटतो तसा रेनकोट नसतो. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जाते, मीठ मात्र बाहेर येऊ शकत नाही. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी पाझरते, तेच रंगाखाली होतं. मिठाचा कण पाणी ओढतो, खारट थेंब तयार होतो, तो आणखी पाणी ओढतो, रंग वर उचलला जातो, आणि खाली पत्र्याला गंजायला जे जे लागतं ते सगळं मिळतं. एकेका कणाचा एकेक फोड.

हे सगळं मी त्या दुपारी जेवायला येणाऱ्या विज्ञानाच्या सरांना उत्साहाने सांगितलं. सर वरणभात कालवत म्हणाले, "ही गोष्ट चांगली आहे. पुरावा?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसलो. तपकिरी बाटलीत सिल्व्हर नायट्रेट. पाण्यात मीठ असलं की त्याने पांढरा साका धरतो. सरांनी तीन परीक्षानळ्या लावल्या: डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी, विहिरीचं पाणी. प्रत्येकात आधी थोडं विरल नायट्रिक ॲसिड, म्हणजे कार्बोनेटमुळे फसगत होत नाही, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. पहिली नळी स्वच्छ. दुसरीत धूर सोडल्यासारखी अंधुक छटा. तिसरीत थेंब पडताच पांढरा चोथा, फाटलेल्या दुधासारखा, हळूहळू तळाला बसत गेला.

पाटीचा नमुना घ्यायला मी कापूस बोटांनीच उचलला तर सर ओरडले. बोटांवर घाम, घामात मीठ, परीक्षा बाद! चिमट्याने दुसरा कापूस घेतला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून फोडाखालच्या गंजावर दाबला. तसाच आणखी एक, वरच्या चांगल्या भागातला रंग इंचभर खरवडून तिथल्या पत्र्यावर. दोन्ही पाणी गाळून घेतलं. फोडाखालचं दाट पांढरं झालं. वरचंही अगदी स्वच्छ राहिलं नाही, किंचित ढगाळ झालं.

ही ढगाळ छटा मला महत्त्वाची वाटते, कारण ती माझ्या दुसऱ्या चुकीची आहे. पत्रा संध्याकाळी धुतला आणि प्रायमर दुसऱ्या सकाळी लावला. रात्रभर उघडा धातू समुद्राकडे तोंड करून उभा होता. दुपारपासून खारा वारा जमिनीकडे वाहतो, लाटांचे सूक्ष्म तुषार घेऊन येतो. रात्री उशिरा तो पडतो आणि पहाटे मतलई वारा उलटा समुद्राकडे जातो. म्हणजे धुण्याची मी निवडलेली वेळ दिवसातली सगळ्यात वाईट. विहीर मुख्य गुन्हेगार, वारा साथीदार, असं माझं मत. सरांचं मत, माझ्या आळसाला आरोपी क्रमांक एक करावं. नळ तीस पावलांवर होता.

दुरुस्ती

पाटी उतरवली. फोड आलेला भागच खरवडून डाग मारता आला असता आणि बहुतेक ठिकाणी तसंच करतात. पण वरच्या भागातही मीठ आहे हे कळल्यावर मला ते पटेना. पूर्ण पत्रा उघडा केला, तारेच्या ब्रशने आणि पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने. ओलंच घासायची सवय मी जुन्या पाट्यांमुळे लावून घेतलीय. पूर्वीच्या पिवळ्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात त्याची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) झाली ती 2017 च्या नोव्हेंबरात, त्याआधीच्या पाटीची धूळ कोरडी उडवून नाकात घ्यायची गरज नाही.

धुणं या वेळी नळाच्या पाण्याने, तीनदा, दर वेळी स्वच्छ फडक्याने पुसून, ओघळ सुकू न देता. शेवटचा हात गॅरेजमधून आणलेल्या बॅटरीच्या पाण्याचा, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरचा, पाच लिटरचा कॅन. काका म्हणाले, पाटीची बारशाची आंघोळ चाललीय. सकाळी साडेआठला, दंव उडून गेल्यावर आणि खारा वारा सुटायच्या आधी सुरुवात केली. नवाच्या ठोक्याला झिंक फॉस्फेटचा प्रायमर लावायला घेतला, ब्रशने रगडून, चारही कडा आणि पाठसुद्धा. पहिल्या वेळी पाठीला एकच पातळ हात मारला होता. पाठ कोण बघतंय? आता दोन. रात्री पाटी खानावळीच्या आत, टेबलांवर आडवी. दोन दिवस गिऱ्हाइकं पडवीत जेवली.

स्क्रूची भोकं या वेळी रंगाच्या आधीच पाडून घेतली, म्हणजे त्यांच्या आतल्या कडाही रंगल्या. अक्षरांत एकच बदल केला. मरूनऐवजी रेड ऑक्साईडच्या जातीचा तांबडा वापरला. उन्हात भडक लाल सगळ्यात आधी उडतो, लोहाचे तांबडे-पिवळे टिकतात. धक्क्यावरच्या जुन्या पाट्या वाचून हे कळलं होतं, पण गिऱ्हाइकाला भडक लाल आवडतो म्हणून मी गप्प बसायचो. ख चा पाय जोडला. तो जोडताना तिघं जण खाली उभे राहून पाहत होते.

मजुरी घेतली नाही. काका अर्धी घ्या म्हणत होते. मी प्रायमरचे पैसे घेतले. आठ दिवस जेवलो तो हिशेब काकींनी काढला नाही, मीही नाही.

एक गोष्ट मात्र पुन्हा हातून गेली. पाटी चढवताना चौकटीचा उजवा अँगल अर्धा इंच सरकलेला निघाला, आधी पाडलेलं एक भोक जुळेना. ड्रिल मागवलं आणि जागेवरच नवं भोक पाडलं. अंधार पडत आला होता, प्रायमरची डबी बांधून ठेवली होती. उघड्या कडेवर तसाच स्क्रू पिळला.

नोव्हेंबर 2025

एक अख्खा पावसाळा खाऊन पाटी उभी होती. तळाची कड हाताने चाचपली, कुठे फुगवटा नाही. तांबडा जिथल्या तिथे. पिवळ्यावर मिठाचा पांढुरका थर होता तो ओल्या फडक्याने निघाला. उजवीकडे, ‘ळ’च्या जरा वर, त्या शेवटच्या स्क्रूभोवती चण्याएवढा काळा-तांबडा डाग आणि त्याचा एक बारीक ओघळ.

काकी खाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "घामोळं गेलं. तेवढं राहू दे, तीट लागलीय तिला."

मी शिडी मागितली.